खालून द्यायची औषधं: ग्लिसरीनची सपोझिटरी, डल्कोलॅक्स की एनिमा?

घरात आजारी किंवा वयस्क माणूस असलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी विषय निघतोच: "अजून झालं नाही, आता काय करायचं?" इसबगोल देऊन झालेलं असतं, त्रिफळा झालेला असतो, रात्री कोमट दुधात तूप झालेलं असतं. मग कुणीतरी केमिस्टकडे जाऊन एनिमाची बाटली आणतं. केमिस्ट देतोही. पेशंटचं वय काय, किडनीचा त्रास आहे का, रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे काउंटरवर सहसा कुणी विचारत नाही. आणि खालून द्यायच्या औषधांपैकी बिनचौकशी देऊ नये असं जे एक आहे, नेमकं तेच, म्हणजे फॉस्फेटचा एनिमा, सगळ्यात सहज हातात पडतं.

हा लेख ज्यांना पहिल्यांदाच हे काम करावं लागतंय त्यांच्यासाठी आहे. सून, मुलगा, नवरा, ब्युरोतून नुकतीच लागलेली मदतनीस, कुणीही. आधी सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायची, तिथेच विरघळणारी औषधाची कांडी), ती लागू पडली नाही तर एनिमा (गुदद्वारातून आत सोडायचा द्रव), तोही नाही तर मोठा एनिमा, अशी शिडी बहुतेकांच्या डोक्यात असते. ती निम्मीच खरी आहे. मळ कुठे अडलाय, किती कडक आहे आणि शरीर कुणाचं आहे, या तीन गोष्टींवर निवड ठरते.

पहिली पायरी: अडलंय कुठे?

मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १२ ते १५ सेंटीमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. त्याखाली ३-४ सेंटीमीटरचा गुदमार्ग आणि मग गुदद्वार. सपोझिटरीचं काम एवढ्याच टापूत चालतं. बाटलीतला छोटा एनिमा त्याच्या थोडा वर, डाव्या बाजूच्या आतड्यापर्यंत जातो. मळ त्याहून वर असेल, तर खालून कितीही औषध घातलं तरी औषधाचं पाणीच परत येतं आणि माणूस दमून जातो.

पेशंटला विचारा. "जोर येतो, तोंडाशी येतं आणि तिथेच थांबतं" असं उत्तर आलं, तर मळ गुदाशयात आहे आणि खालचा उपाय कामी येईल. "चार दिवस वेगच नाही, पोट नुसतं जड आहे" असं म्हणत असतील, तर वर्दळ वरच थांबलेली असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी लॅक्ट्युलोज किंवा पेग (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) पावडरसारखं मळ मऊ करणारं, तोंडाने घ्यायचं औषध डॉक्टरांना विचारून वाढवणं जास्त उपयोगाचं. खात्री करायचा मार्ग एकच: डॉक्टर किंवा नर्सने हातमोजा घालून बोटाने तपासणं. मिनिटभराचं काम असतं, पण संकोचापोटी तेच टाळलं जातं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या बाबतीत हमखास गफलत होते ती इथेच. आठवडाभर शौचाला नीट झालेलं नाही आणि आता मात्र दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं पातळ होतंय, डायपर भरतोय. घरच्यांना वाटतं जुलाब लागले, आणि जुलाब थांबवायची गोळी दिली जाते. प्रत्यक्षात गुदाशयात दगडासारखा गोळा बसलेला असतो आणि वरचं पातळ त्याच्या कडेकडेने झिरपत असतं. जुलाब थांबवायच्या गोळीने हा गोळा आणखी पक्का होतो. म्हणून आधी कडक, मग काही दिवस काहीच नाही, आणि मग अचानक गळती, असा क्रम दिसला की प्रथम बोटाने तपासणी. अशा माणसाला इसबगोलही नको. भुसा पाणी शोषून फुगतो, आणि पुढे वाट बंद असेल तर मागे नुसता लगदा साचतो.

दुसरी पायरी: घरी हात लावायचाच नाही असे प्रसंग

पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वायूसुद्धा सरत नाही: हा आतड्याला अडथळा असू शकतो. एनिमा नाही, रेचक नाही, थेट रुग्णालय. पोटात एका जागी तीव्र दुखत असेल आणि ताप असेल तरीही तेच. गुदद्वारातून रक्त, काळी शी, कारण नसताना उतरलेलं वजन, किंवा पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली शौचाची सवय, यांना आधी निदान लागतं.

काही माणसांच्या गुदाशयात डॉक्टरांच्या परवानगीशिवाय काहीही घालायचं नाही. केमोथेरपी चालू असून पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी झालेल्या व्यक्ती, गुदाशयाची किंवा आतड्याची नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, आणि प्रसूतीत गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत टाके पडलेल्या बाळंतिणी. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना सपोझिटरी सहसा चालते, पण नळी किंवा बोट घालण्यापूर्वी विचारून घ्या. फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर असेल, तर आधी डॉक्टरांनी दिलेलं बधिर करणारं मलम किंवा जेली लावून थोडं थांबा. नाहीतर पुढच्या वेळी माणूस जवळ येऊ देणार नाही, आणि त्याचं काही चुकतं असंही नाही.

तिसरी पायरी: निवड

ग्लिसरीनची सपोझिटरी ही पहिली निवड, हे माझं स्पष्ट मत. मळ खाली आहे, कोरडा आहे, माणूस बऱ्यापैकी धडधाकट आहे, तर सुरुवात इथूनच. ग्लिसरीन पाणी ओढून घेतं, मार्ग बुळबुळीत करतं आणि आतल्या अस्तराला हलकं चाळवतं. पंधरा मिनिटांपासून तासाभरात वेग येतो. ते रक्तात जवळजवळ जात नाही, म्हणून किडनीचा, हृदयाचा, मधुमेहाचा पेशंट असला तरी फारशी धास्ती नसते. थोडी जळजळ होते, एवढंच. मुलांसाठी लहान आकाराची वेगळी मिळते. मोठ्यांची अर्धी कापून मुलाला देऊ नका, कापलेली कड टोचते.

बिसाकोडिलची सपोझिटरी म्हणजे बहुतेकांच्या ओळखीची डल्कोलॅक्स. मोठ्यांसाठी १० मिलिग्रॅमची, मुलांसाठी ५ मिलिग्रॅमची. हिची कामाची पद्धत ग्लिसरीनपेक्षा वेगळी आहे. ती आतड्याच्या अस्तरातल्या नसांना चेतवते आणि आतडं स्वतः आकुंचन पावून मळ ढकलतं. त्यामुळे मळ फार कडक नाही पण आतड्यात जोरच नाही, अशा माणसांना ती जास्त लागू पडते: पक्षाघातानंतर पडून असलेले, पार्किन्सन्सचे पेशंट, मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामकं चालू असलेले. पोटात कळ येते, कधी कधी चांगलीच. म्हाताऱ्या माणसाला कळ आणि जोर यांमुळे चक्कर येऊ शकते. सपोझिटरी ठेवून त्यांना एकट्याने संडासात पाठवू नका.

या दोघींतला व्यवहारातला फरक घालण्याच्या जागेत आहे. ग्लिसरीनची सपोझिटरी मळात रुतली तरी चालतं, उलट मळ मऊ व्हायला मदतच होते. बिसाकोडिल मात्र आतड्याच्या भिंतीला टेकलीच पाहिजे. ती कडक मळात खुपसली तर तिथेच बसून राहते आणि "औषधाचा काही उपयोग झाला नाही" असा निष्कर्ष निघतो. दोन्ही लागणार असतील तर आधी ग्लिसरीनने खालचा खडा काढायचा, आणि मग बिसाकोडिल भिंतीलगत.

बिसाकोडिलच्या तोंडाने घ्यायच्या गोळीला सहा ते बारा तास लागतात, म्हणून ती रात्री घेतात. सपोझिटरी तासाभरात काम करते, म्हणून ती सकाळी. नाश्ता-चहानंतर वीस मिनिटांनी दिली तर उत्तम, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपणहून हालचाल सुरू करतं. त्या लाटेवर औषध स्वार झालं की कमी त्रासात काम होतं.

काही देशांत ५ मिलीच्या इवल्याशा नळ्या मिळतात, सोडियम सायट्रेटच्या. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत त्या ओळखीच्या असतील. मळात अडकलेलं पाणी त्या मोकळं करतात, पाच-पंधरा मिनिटांत परिणाम दिसतो. द्रव अगदी कमी असल्याने अशक्त माणसाला सोसवतात. सपोझिटरी आणि मोठी बाटली यांच्या मधली ही पायरी, मिळत असेल तर वापरण्यासारखी.

आता फॉस्फेटचा एनिमा. केमिस्टकडे "एनिमा द्या" म्हटलं की आपल्याकडे बहुधा हाच मिळतो. साधारण १०० मिलीची मऊ प्लास्टिकची बाटली, पुढे चोच. आत सोडियमचे दोन फॉस्फेट क्षार. हे क्षार शरीरातलं पाणी आतड्यात ओढतात, आतडं ताणलं जातं आणि दोन ते पंधरा मिनिटांत सगळं बाहेर येतं. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा सिग्मॉइडोस्कोपीपूर्वी (दुर्बिणीने आतड्याचा खालचा भाग तपासण्यापूर्वी) गुदाशय साफ करायला म्हणूनच रुग्णालयं तो वापरतात.

धोका आहे तो बाहेर न आल्यास. आत राहिलेलं फॉस्फेट रक्तात शोषलं जातं, कॅल्शियम झपाट्याने उतरतं, शरीरातलं पाणी कमी होतं, किडनीवर आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल जाहीर इशारा दिला: २४ तासांत एकापेक्षा जास्त नको, दोन वर्षांखालच्या मुलांना गुदमार्गे अजिबात नको, आणि ५५ वर्षांवरच्यांना, किडनीचा आजार असलेल्यांना, शरीरात पाणी कमी असलेल्यांना जपून. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी होण्याच्या गोळ्या आणि ब्रुफेनसारखी वेदनाशामकंही धोका वाढवतात. इस्राएलमधल्या एका रुग्णालयाने २०१२ मध्ये ११ वृद्ध रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. फॉस्फेट एनिमानंतर ते गंभीर झाले होते आणि त्यांतले ५ जण दगावले.

आता आपल्या घरातल्या आजोबांकडे बघा. वय ७८, रक्तदाबाची टेल्मिसार्टन चालू, लघवीची गोळी चालू, गुडघ्यासाठी वेदनाशामक, रात्री उठावं लागू नये म्हणून पाणी कमी पितात. इशाऱ्यातलं जवळजवळ सगळं त्यांना लागू होतं, आणि बद्धकोष्ठही बहुधा त्यांनाच असतं. म्हणून माझा नियम असा: साठीपुढच्या माणसाला किंवा किडनीच्या पेशंटला फॉस्फेटची बाटली डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको, आणि एक बाटली लागू पडली नाही म्हणून दुसरी तर कधीच नाही. दिलेला द्रव अर्ध्या तासात बाहेर आला नाही, तर आणखी वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा.

वयस्क माणसाला एनिमाच हवा असेल तर सलाइनचा बरा. केमिस्टकडे नॉर्मल सलाइनची ५०० मिलीची बाटली मिळते, तिचं मिठाचं प्रमाण ०.९ टक्के, म्हणजे शरीराच्या जवळचं. त्यामुळे पाण्याची आणि क्षारांची फारशी देवघेव होत नाही. मात्र हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर हेही विचारूनच. साध्या नळाच्या पाण्याचे मोठे एनिमे एकामागून एक दिले तर पाणी शोषलं जाऊन रक्तातलं सोडियम उतरू शकतं. घरी एनिमा कॅनने (नळी लावलेल्या डब्याने) पाणी द्यायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. निसर्गोपचारात तिला मानाचं स्थान आहे, गांधीजींच्या प्रेरणेने १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला आश्रम सुरू झाला तेव्हापासून महाराष्ट्रात ती बऱ्याच घरांना माहीत झाली. एखाद्या वेळी कोमट पाण्याचा एनिमा घेऊन कुणाचं बिघडत नाही. पण निरोगी माणसाने 'आतड्यात साचलेली घाण' काढण्यासाठी रोज घ्यावा, याला काही आधार नाही. मोठं आतडं आपली साफसफाई स्वतः करतं.

साबणाच्या पाण्याचा एनिमा जुन्या वॉर्डांतून घरांत आला आणि अजून टिकून आहे. तो सोडून द्या. साबण अस्तराला जाळतो, त्यातून आतड्याला सूज येऊन रक्त पडल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. कपड्याच्या साबणाचा तर विचारही नको. कॉफीचा एनिमा समाजमाध्यमांवर फिरतो, त्याने गुदाशय भाजल्याच्या नोंदी आहेत. बद्धकोष्ठासाठी त्याची काही गरज नाही.

दगड झालेल्या मळासाठी तेलाचा एनिमा हा शहाणा उपाय आहे, जरा सावकाश चालणारा. साधारण १०० ते १५० मिली तेल अंगाइतकं कोमट करून रात्री द्यायचं, जमेल तितका वेळ आत राहू द्यायचं, आणि सकाळी सलाइनचा एनिमा. तेल मळात मुरतं आणि बाहेर पडताना चिरा पडत नाहीत. काही देशांत शेंगदाण्याच्या तेलाचा तयार एनिमा मिळतो, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला तो चालत नाही. आयुर्वेदातली अनुवासन बस्ती तेलाची आणि निरूह बस्ती काढ्याची. त्यांचा हेतू निव्वळ पोट साफ करण्याचा नसतो, त्यामुळे या यादीत त्यांना कुठे बसवायचं हे वैद्याने ठरवावं. घरी व्हिडिओ बघून काढा घालणं मात्र नको.

बोटाने मळ काढणं हा शेवटचा उपाय. अनुभवी नर्स किंवा डॉक्टरांनीच करावा, कारण गुदाशय ताणला की नाडी मंदावून माणूस बेशुद्ध पडू शकतो. याला अपवाद मज्जारज्जूला इजा झालेल्यांचा. त्यांच्यासाठी हा रोजच्या दिनक्रमाचा भाग असतो, आणि घरच्यांना पुनर्वसन केंद्रात ते रीतसर शिकवतात. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वर इजा असेल, तर खालून काहीही करताना अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, घाम सुटणं यांवर नजर ठेवा. तो रक्तदाब भडकल्याचा इशारा असतो. लगेच थांबा, बसतं करा, मदत बोलवा. अशांच्यासाठी फुगा असलेल्या नळीने स्वतः पाणी घेऊन आतडं धुण्याचं साधनही आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत मज्जारज्जूच्या ८७ रुग्णांवर ते नेहमीच्या उपायांपेक्षा सरस ठरलं. किंमत मोठी आहे आणि शिकून घ्यावं लागतं.

चौथी पायरी: प्रत्यक्ष देणं

सगळं आधी जवळ घ्या: हातमोजे, जेली, प्लास्टिक शीट आणि त्यावर जुनी चादर, बेडपॅन किंवा डायपर, कोमट पाणी, टिश्यू, कचऱ्याची पिशवी. अर्ध्यावर उठून शोधाशोध करावी लागली की अब्रू पेशंटची जाते. दार लावा, अंगावर चादर ठेवा, आणि काय करणार आहात ते सांगा. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटलाही सांगा, दर वेळी नव्याने.

डाव्या कुशीवर झोपवा, उजवा गुडघा पोटाकडे घ्या. गुदाशयाच्या वरचं आतडं डावीकडे वळतं, म्हणून या कुशीवर द्रव आपसूक आत उतरतो. उभ्याने किंवा कमोडवर बसवून एनिमा देऊ नका. त्या स्थितीत चोच पुढच्या भिंतीवर घासते.

सपोझिटरीसाठी: वेष्टन काढा (हे सांगावं लागतं, हसू नका), पाण्यात बुडवून ओली करा. व्हॅसलिन नको, त्याचा थर औषधाला विरघळू देत नाही. पेशंटला तोंडाने लांब श्वास सोडायला सांगा आणि त्या क्षणी तर्जनीने सपोझिटरी आत सरकवा. मोठ्या माणसात बोटाचं पहिलं-दुसरं पेर जाईपर्यंत, म्हणजे आतल्या स्नायूच्या पलीकडे. अलीकडेच सोडली तर लगेच बाहेर येते. टोकदार बाजू आधी की बोथट, यावर १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला होता आणि त्यात बोथट बाजू आधी घातली तर ती टिकते असं म्हटलं होतं. वेष्टनावरच्या सूचना बहुधा टोकदार बाजू आधी सांगतात. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, जशी सहज जाईल तशी घाला. मग दोन्ही कुल्ले मिनिटभर एकत्र धरून ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं पडून राहू द्या.

बाटलीच्या एनिमासाठी: बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊबदार करा, मनगटावर थेंब टाकून बघा. थंड द्रवाने पेटका येतो, गरम द्रवाने आतडं भाजतं. चोचीला जेली लावा. चोच आधी किंचित बेंबीच्या दिशेने, मग पाठीच्या कण्याच्या दिशेने वळवत आत घ्या. अडलं किंवा दुखलं तर ढकलू नका, कारण चोचीने गुदाशय फाटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. बाटली सावकाश दाबा, आणि दाबलेलीच बाहेर काढा, नाहीतर ती द्रव परत ओढून घेते.

एनिमा कॅनने सलाइन देताना कॅन कमरेपासून ३० ते ४५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको. खुंटीला टांगला की धार जोरात येते आणि पोटात कळा उठतात. आधी नळीतली हवा काढून टाका. नळी ७ ते १० सेंटीमीटर आत. कळ आली की चिमटा बंद करून अर्धा मिनिट थांबा. वयस्क माणसाला पाव लिटरपासून सुरुवात करावी, अर्ध्या लिटरच्या वर जाऊ नये.

नंतर कमोडवर बसवताना पायाखाली १५-२० सेंटीमीटर उंच पाट द्या, म्हणजे उकिडवं बसल्यासारखा कोन मिळतो. गुडघे बदललेल्यांना भारतीय संडास बंद झालेला असतो आणि बऱ्याच जणांची तक्रार तिथूनच सुरू होते. बसल्या जागी जवळ थांबा. काय झालं, किती झालं, ते बघितल्याशिवाय पाणी टाकू नका.

मुलांचं वेगळं

फक्त अंगावर पिणारं बाळ पाच-सात दिवस शी करत नाही आणि तरी हसत-खेळत असतं, करतं तेव्हा मऊ करतं. हे बद्धकोष्ठ नाही. तरी आजी विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून तयार असते, कुणी साबणाची चिपटी सुचवतं. दोन्ही नको. देठाने नाजूक अस्तर खरचटतं, साबणाने पोळतं. मात्र नवजात बाळाने पहिल्या ४८ तासांत काळी शी केली नाही, किंवा पोट फुगून हिरवी उलटी झाली, तर ताबडतोब बालरोगतज्ज्ञ.

शी दाबून ठेवणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलात पुन्हा पुन्हा खालून काही घातलं की भीती वाढते आणि ते आणखी दाबून धरतं. नेदरलँड्समध्ये २००९ साली ९० मुलांवर झालेला अभ्यास इथे आठवण्यासारखा आहे. सहा दिवस रोज एनिमा घेतलेल्यांत ८० टक्के आणि तोंडाने पेगचा मोठा डोस घेतलेल्यांत ६८ टक्के मुलांचा गोळा सुटला, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने पक्का नव्हता. पेगच्या मुलांना सुरुवातीला चड्डीत होण्याचा त्रास जास्त झाला. युरोप-अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत म्हणूनच पेग आधी, आणि ते मिळत नसेल तर एनिमा, असा क्रम आहे. मलाही तोच पटतो, कारण एनिमासाठी मूल दाबून धरावं लागतं आणि ते तिथून पुढे संडासाचं नाव काढलं की पळतं.

दुसऱ्या दिवसापासून

खालचा उपाय फक्त आजचं अडलेलं काढतो. कारण तसंच राहिलं तर चार दिवसांनी पुन्हा तेच. औषधांची पिशवी उघडून बघा: लोह, कॅल्शियम, रक्तदाबाची ॲम्लोडिपिन, ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, कंपवाताच्या काही गोळ्या, ॲल्युमिनियम असलेली ॲसिडिटीची औषधं, ही सगळी आतडं मंद करतात. बंद करणं तुमच्या हातात नाही, पण डॉक्टरांना यादी दाखवणं आहे. क्रिमाफिनसारख्या औषधात मॅग्नेशियम असतं, तेही किडनीच्या पेशंटला विचारूनच.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सपोझिटरी फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर वेष्टनातच मऊ होते. मऊ झालीच तर न उघडता थंड पाण्यात धरली की पुन्हा घट्ट होते.

आणि एक वही करा: तारीख, काय दिलं, किती वेळाने झालं, कसं झालं. मळाच्या प्रकारासाठी ब्रिस्टलच्या डॉक्टरांचा १९९७ चा सात प्रकारांचा तक्ता वापरता येतो, त्यातले पहिले दोन म्हणजे सुट्या खड्यांचा आणि गाठाळ कांडीचा. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदीत आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा खालचं औषध लागताना दिसलं, किंवा मळ मऊ असूनही बाहेरच पडत नाही असं दिसलं, तर पोटविकारतज्ज्ञांना वही दाखवा. मऊ मळ अडतो तेव्हा बऱ्याचदा दोष जोर देताना आवळल्या जाणाऱ्या स्नायूंचा असतो. त्याचं निदान गुदाशयातला दाब मोजून होतं आणि उपाय बायोफीडबॅक नावाच्या प्रशिक्षणाचा असतो. अशा माणसाला सपोझिटऱ्यांचं पाकीट वर्षानुवर्षं पुरवत राहणं म्हणजे तपासणी पुढे ढकलणं.